रेकॉर्डवर एक गिटारिस्ट, स्टेजवर दुसरा: १९८३ साली बोवीच्या बँडमध्ये काय झालं?

प्रश्न असा आहे: ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या ‘लेट्स डान्स’ या गाण्यावर सोलो गिटार टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनची आहे. मग त्याच वर्षीच्या दौऱ्याची चित्रफीत पाहिली तर तिथे दुसराच माणूस का दिसतो? वॉनला काढलं, की तो सोडून गेला? आणि ऐनवेळी आलेला वादक एवढा मोठा कार्यक्रम पेलतो कसा?

दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवणं हाच माझा धंदा. कुणाच्या जागी उभं राहणं आणि आपल्या जागी कुणी उभं राहणं, या दोन्ही बाजू मी बघितल्या आहेत. त्यामुळे जरा लांबण लावून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: पैसे आणि अटी यांवरून बोलणी फिसकटली, तीही दौरा निघायच्या तोंडावर. वॉनच्या वाजवण्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. एखाद्या बड्या गायकाच्या बँडमधला वादक बदलला की ‘बोटं चालेनाशी झाली असतील’ असा समज लगेच पसरतो. प्रत्यक्षात तारखा, मानधन, करारातली एखादी ओळ आणि मॅनेजर मंडळींचे फोन यांवरच बहुतेक जागा जातात.

मूळ हकीकत नीट समजायला १९८२च्या जुलैपर्यंत मागे जावं लागतं. स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो महोत्सवात वॉन आणि त्याचा ‘डबल ट्रबल’ हा बँड वाजवायला गेला होता. त्यांच्या हातात तेव्हा कुठल्याही रेकॉर्ड कंपनीचा करार नव्हता. वॉनने भरपूर आवाजात टेक्सासचा ब्लूज वाजवला आणि श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. बोवीने मात्र त्याला तिथे हेरलं. गायक जॅक्सन ब्राउन यानेही त्याच महोत्सवात त्याला ऐकलं आणि लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ फुकट वापरायला दिला. तिथे थोड्याच दिवसांत जे ध्वनिमुद्रण झालं, त्यातून पुढे ‘टेक्सास फ्लड’ हा वॉनचा पहिला अल्बम निघाला. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या वादाचं बीज तिच्यात आहे.

डिसेंबर १९८२मध्ये न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत ‘लेट्स डान्स’ अल्बम झाला. निर्माता होता ‘शिक’ बँडचा नाइल रॉजर्स. अख्खा अल्बम तीन आठवड्यांच्या आत संपला. वॉन आला तो शेवटी, जवळपास तयार झालेल्या गाण्यांवर गिटार घालायला. म्हणजे गाण्याचा ठेका, त्यातली ती तुटक, घुमणारी ऱ्हिदम गिटार रॉजर्सची. वॉनची गिटार तिच्यावरून फिरते. श्रोत्याच्या लक्षात वरची गिटार राहते, पण गाणं उभं असतं खालच्या गिटारवर. वॉनशिवाय दौरा निघू शकला, त्याचं निम्मं कारण हे आहे.

१९८३च्या वसंतात डॅलसजवळच्या लास कोलिनासमध्ये ‘सिरियस मूनलाइट’ दौऱ्याच्या तालमी झाल्या. वॉन त्या तालमींत होता. पहिला कार्यक्रम १८ मे रोजी ब्रसेल्सला होता. बँड युरोपला निघायच्या सुमारास वॉन बाहेर पडला आणि त्याच्या जागी गिटारिस्ट अर्ल स्लिकला बोलावणं गेलं.

नंतर दोन्ही बाजूंनी जे सांगितलं, त्यात जोर वेगवेगळ्या मुद्द्यांवर आहे. पण तीन गोष्टी फिरून फिरून येतात. एक, दर कार्यक्रमाचं मानधन वॉनच्या बाजूला फारच कमी वाटत होतं. दोन, काही ठिकाणी डबल ट्रबलला बोवीच्या आधी वाजवायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. तीन, दौऱ्यावर असताना मुलाखतींमध्ये स्वतःच्या बँडविषयी, येऊ घातलेल्या अल्बमविषयी बोलायची मोकळीक हवी होती. शिवाय ‘लेट्स डान्स’च्या व्हिडिओत गिटार बोवीच्या हातात दिसते आणि वाजते वॉनची; तेही वॉनला खटकलं होतं.

आता जून १९८३चं पान उघडून बघा. त्याच महिन्यात ‘टेक्सास फ्लड’ बाजारात यायचा होता. बोवीचा दौरा डिसेंबरपर्यंत, एकूण ९६ कार्यक्रम. वॉन गेला असता तर त्याचा स्वतःचा पहिला अल्बम दुकानात आणि तो स्वतः दुसऱ्याच्या मागे उभा. बासवादक टॉमी शॅनन आणि ड्रमर क्रिस लेटन हे त्याचे दोघे सोबती घरी बसून राहिले असते. माझ्या मते वॉनने त्या वेळी केलं ते योग्यच केलं. नव्या अल्बममागे उभं राहायला वादकाच्या आयुष्यात एकदाच असा मोका येतो, आणि तो पुढे ढकलता येत नाही.

पण ज्या वेळी हे झालं, ती वेळ वाईट होती आणि तिचा दोष दोन्हीकडच्या व्यवस्थापनावर जातो. एवढे दिवस तालमी होईपर्यंत मानधन, आधी वाजवायची संधी, मुलाखती हे मुद्दे लोंबकळत राहिलेच कसे? पहिल्या तालमीच्या आधी हे कागदावर यायला हवं होतं. तालमी सुरू झाल्या की दोन्ही बाजूंना वाटू लागतं, आता समोरचा अडकला, आता तो नाही म्हणणार नाही. मग कुणीतरी नाही म्हणतं.

ज्यांना या धंद्याची आतली रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दौऱ्यावरच्या वादकाला साधारणपणे आठवड्याचा किंवा कार्यक्रमागणिक ठरलेला पगार, रोजचा भत्ता, प्रवास आणि राहणं मिळतं. गाण्याच्या मालकीत त्याचा वाटा नसतो. त्याने घातलेला सोलो जगाच्या तोंडी बसला तरी गीतकार-संगीतकाराचे पैसे ज्याचं नाव लागलं आहे त्याचेच. दोन टप्प्यांच्या मध्ये रिकामा काळ असला आणि वादक दुसरीकडे जाऊ नये असं वाटलं, तर काही गायक राखीव रक्कम देतात. बरेच देत नाहीत. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून ते विकायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरवावे लागतात, आणि भांडण पेटतं ते बहुधा इथेच. बोवीच्याच बँडमध्ये हे आधी झालेलं होतं. जुलै १९७४मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या टॉवर थिएटरमध्ये लाइव्ह अल्बमसाठी माइक लागलेले बँडने पाहिले, आणि जादा मोबदल्याचं ठरल्याशिवाय वाजवणार नाही म्हणून वादक अडून बसले. त्या बँडमध्ये एकवीस वर्षांचा एक ब्रुकलिनचा मुलगा लीड गिटार वाजवत होता. तोच अर्ल स्लिक.

स्लिकची कहाणी मला वॉनच्या कहाणीइतकीच मोलाची वाटते, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिलं जातं. १९७४ साली तो बोवीकडे आला तो मिक रॉन्सनची जागा भरायला. रॉन्सन म्हणजे बोवीचा उजवा हात. १९७३पर्यंतच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांची गिटार त्याची. लंडनच्या हॅमरस्मिथ ओडिअनमध्ये ३ जुलै १९७३ रोजी बोवीने स्टेजवरूनच ‘हा आमचा शेवटचा कार्यक्रम’ असं जाहीर केलं, तेव्हा बँडमधल्या बासवादकाला आणि ड्रमरला त्याची कल्पनाही नव्हती. अशा माणसाच्या जागी कोवळ्या वयात उभं राहायचं म्हणजे पहिल्या रांगेतला प्रत्येक जण तुमच्यात जुन्या माणसाला शोधत असतो. स्लिकने ते निभावलं. ‘यंग अमेरिकन्स’ आणि ‘स्टेशन टू स्टेशन’ या दोन्ही अल्बमवर तो आहे. आणि १९७६च्या दौऱ्याआधी त्याचंही बिनसलं. त्याच्या जागी कॅनडाचा स्टेसी हेडन आला आणि स्लिकने रेकॉर्डवर वाजवलेलं सगळं त्याने स्टेजवर वाजवलं. म्हणजे १९८३ साली वॉनच्या जागी ज्याला बोलावलं, तो स्वतः त्याच बँडमधून सात वर्षांपूर्वी याच पद्धतीने बाहेर गेला होता.

मधल्या काळात त्याने जॉन लेननच्या ‘डबल फँटसी’वर वाजवलं होतं. फोन आला तेव्हा तो काही बेकार बसलेला नवशिका नव्हता. बोवीच्या माणसांनी त्याला बोलावलं याचं कारण साधं आहे: निम्मी गाणी त्याला आधीच येत होती, बोवीचा स्वभाव ठाऊक होता आणि बोवीचा ऱ्हिदम गिटारिस्ट कार्लोस अलोमार याच्याबरोबर त्याने पूर्वी वाजवलं होतं. ऐनवेळी माणूस शोधताना सगळ्यात चांगला वादक कोण, हा प्रश्न मागे पडतो. कमीत कमी समजावून सांगावं लागेल असा माणूस हवा असतो.

आता दुसरा प्रश्न: हातात मोजके दिवस असताना तयारी कशी होते?

ताज्या तालमीचं रेकॉर्डिंग मागवायचं, अल्बम बाजूला ठेवायचा. दौऱ्यात गाण्याची पट्टी बदललेली असते, सुरुवात लांबवलेली असते, शेवटी अल्बमवर आवाज हळूहळू विरतो तिथे स्टेजवर ठोस शेवट लागतो. अल्बम घोकून गेलेला वादक पहिल्याच साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, उघडा पडतो. मग प्रत्येक गाण्याचा एका पानाचा चार्ट: किती बारची (मात्रांच्या ठरलेल्या गटांची) सुरुवात, कुठे थांबायचं, कुणाच्या इशाऱ्यावर सुटायचं, शेवट कसा. सूर नंतर. गर्दीसमोर चुकीचा सूर वाजला तर दहा जणांना कळतो. चुकीच्या जागी थांबलात तर स्टेडियमला कळतं.

त्यानंतर दुसऱ्या गिटारिस्टशी बसायचं. इथे स्लिकचं नशीब थोर होतं, कारण दुसरा गिटारिस्ट अलोमार, आणि दौऱ्याचा बँडलीडरही तोच. ऱ्हिदम त्याच्या हातात पक्का होता. पाया तसाच राहिला आणि फक्त वरचा माणूस बदलला, म्हणून दौरा वेळेवर निघाला. अलोमार गेला असता तर ब्रसेल्सचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला असता, असं मी ठामपणे म्हणेन. कुणीही बँडमध्ये बदली वादक घेताना हे बघावं: जाणारा माणूस सोलोचा आहे की ठेक्याचा? ठेक्याचा माणूस बदलणं कैक पटींनी अवघड.

सोलो सगळ्यात शेवटी. आणि इथे खरा निर्णय घ्यावा लागतो: यातलं गाण्याचं काय आणि त्या माणसाचं काय?

‘लेट्स डान्स’चंच उदाहरण घ्या. गाणं बी फ्लॅट मायनर या पट्टीत आहे. वॉन एरवी आपली स्ट्रॅटोकॅस्टर अर्धा सूर उतरवून लावायचा आणि तारा तेराच्या गेजच्या, म्हणजे चांगल्याच जाड. नऊ-दहाच्या, म्हणजे बारीक तारांच्या सेटची सवय असलेल्याने त्या गिटारवर पूर्ण सुराचा बेंड घेऊन, म्हणजे तार बोटाने खेचून सूर चढवून बघावा. बोटांचे हाल होतात. अर्धा सूर उतरवलेल्या गिटारवर बी फ्लॅट मायनरची बोटं ठेवायची ओळखीची चौकट सातव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पट्टीवर) येते, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सहाव्या. सूर तेच. पण जाड तार हळू खेचली जाते, वर पोचून तिथे थांबते, आणि तिचा आवाज भरीव येतो. वॉनच्या त्या बेंडमागे ब्लूज गिटारिस्ट अल्बर्ट किंग आहे. किंग डावखुरा होता, गिटार उलटी धरायचा आणि तार वर ढकलण्याऐवजी खाली ओढायचा. वॉनने आयुष्यभर तो खेच आत्मसात केला होता. हे काही दिवसांत दुसऱ्याच्या बोटांत उतरत नाही. उतरवायचा प्रयत्नही करू नये, कारण नक्कल जितकी जवळ जाते तितकी तिच्यातली उणीव ठळक दिसते.

मग गाण्याचं काय उरतं? वॉन कुठे गप्प बसतो, ते. अल्बमवरचं ‘लेट्स डान्स’ साडेसात मिनिटांचं आहे आणि त्यात वॉन कितीतरी वेळ वाजवतच नाही. वाजवतो तेव्हा गायकाच्या ओळीनंतरच्या पोकळीत वाजवतो. ही जागा गाण्याची. ती पाळली आणि आत आपले सूर घातले की श्रोत्याला गाणं ओळखीचं वाटतं. १२ सप्टेंबर १९८३ रोजी व्हँकुव्हरमध्ये चित्रित झालेला कार्यक्रम बघा. स्लिकची गिटार जास्त रॉककडे झुकणारी, सूर लांब ताणणारी, कडा धारदार. वॉनसारखी ती जराही नाही, आणि तरी गाणं कुठे मोडत नाही.

शिवाय त्या एका कार्यक्रमात स्लिकला किती जणांची हजेरी लावायची होती बघा. ‘द जीन जिनी’ रॉन्सनचं. ‘हीरोज’वरची ती लांबच लांब गुंजणारी गिटार रॉबर्ट फ्रिपची. ‘लेट्स डान्स’ वॉनचं. आणि ‘स्टेशन टू स्टेशन’, ज्याच्या सुरुवातीला आगगाडीच्या आवाजातून गिटारचा फीडबॅक (स्पीकरसमोर धरल्यावर उठणारा लांब सूर) वर येतो, ते मात्र त्याचं स्वतःचं. एकाच रात्री तो तिघांचा बदली आणि एका गाण्याचा धनी. त्या दौऱ्यात टोरांटोला तर रॉन्सन पाहुणा म्हणून ‘द जीन जिनी’साठी स्टेजवर आला आणि स्लिकचीच गिटार घेऊन वाजवून गेला.

सगळ्या गायकांकडे असं स्वातंत्र्य नसतं, हेही सांगायला हवं. मायकेल जॅक्सनची रीत वेगळी होती. १९८७च्या ‘बॅड’ दौऱ्यापासून त्याच्याकडे गिटारिस्ट जेनिफर बॅटन होती. ‘बीट इट’वरचा मूळ सोलो एडी व्हॅन हेलनचा. बॅटनकडून तो रेकॉर्डवरच्याप्रमाणेच हवा होता, रोज, हजारो लोकांसमोर, भलामोठा केशसंभार आणि पोशाख सांभाळत. कारण नाच, प्रकाश, जॅक्सन कुठे उभा राहणार, हे सगळं त्या सोलोच्या मापावर बेतलेलं असायचं. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलातही जॅक्सनचा कार्यक्रम झाला. मुंबईतल्या माझ्या पिढीच्या गिटारिस्टांत बॅटनचं नाव आजही आदराने निघतं. तीन जागतिक दौरे केल्यावरही २००९च्या लंडनच्या नियोजित ५० कार्यक्रमांसाठी तिला बोलावणं आलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या ओरियांथी या गिटारिस्टला घेतलं. जून २००९मध्ये जॅक्सनच गेला आणि ते कार्यक्रम झाले नाहीत. यात बॅटनची काही चूक झाली का? नाही. शेवटचा दौरा संपून बारा वर्षं झाली होती, संगीत दिग्दर्शक नवा होता, बँड नव्याने बांधला जात होता. ती दरम्यान नावाजलेला गिटारिस्ट जेफ बेक याच्याबरोबर दौरे करून आली होती, ज्यासाठी जगातला कुठलाही गिटारिस्ट जीव टाकेल.

आपल्याकडे वाजवणाऱ्या मुलांसाठी एवढं सांगतो. तुमची जागा दुसऱ्याला दिली तर आधी उरलेले पैसे लेखी मागा, आणि नव्या माणसाने चार्टसाठी फोन केला तर द्या. तो तुमचा शत्रू नाही. उद्या तुम्हालाही असाच फोन करावा लागेल. तुम्ही कुणाच्या जागी जात असाल तर आधीच्या वादकाविषयी साउंडचेकला एक शब्दही वाईट बोलू नका, बँडमधले त्याचे मित्र अजून तिथेच असतात. आणि स्वतःचं काहीतरी चालू ठेवा. बोवीची जागा गेल्यावर वॉनच्या हातात ‘टेक्सास फ्लड’ होता, म्हणून तो त्या उन्हाळ्यात कोसळला नाही. उलट जो तो त्याचंच नाव घेऊ लागला. १९९०च्या ऑगस्टमध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात तो गेला. अवघा पस्तीस वर्षांचा होता.

स्लिकलाही पुढे बोवीने ठेवलं नाही. १९८७च्या दौऱ्यात पीटर फ्रॅम्प्टन आला, १९९०ला एड्रियन बेल्यू, आणि रीव्हज गॅब्रेल्सचा तर मोठा काळ. गॅब्रेल्स बाहेर पडल्यानंतर २०००मध्ये स्लिकला पुन्हा फोन आला. त्या वर्षीच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाला तो बोवीच्या बाजूला होता, २००३-०४च्या दौऱ्यात होता आणि २०१३च्या ‘द नेक्स्ट डे’ अल्बमवरही आहे. तिसऱ्यांदा बोलावणं येतं ते कुणाला, याचा विचार करा: ज्याने जाताना दार आपटलं नाही आणि ज्याचं वाजवणं मधल्या काळात गंजलं नाही त्याला.

तुम्हाला फरक कानाने पकडायचा असेल तर आधी अल्बमवरचं पूर्ण लांबीचं ‘लेट्स डान्स’ हेडफोनवर ऐका आणि वॉन कुठे कुठे गप्प आहे तेवढंच टिपून ठेवा. मग व्हँकुव्हरची चित्रफीत लावा. स्लिककडे नंतर बघा, आधी अलोमारच्या उजव्या हाताकडे बघा.